अनइन्स्टॉलनंतर उरणाऱ्या चिवट फाइल्स

सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल केल्यावरही मागे राहणारे फोल्डर, रजिस्ट्रीतल्या (म्हणजे विंडोज आणि सॉफ्टवेअरची सेटिंग्ज साठवणाऱ्या डेटाबेसमधल्या) नोंदी, सर्व्हिसेस म्हणजे पडद्यामागे चालणारे प्रोग्रॅम, ड्रायव्हर म्हणजे हार्डवेअर चालवणारी सॉफ्टवेअर, आणि हे सगळं हाताने साफ करायचं काम. त्रास मुख्यतः विंडोजवर. ठाण्यात नौपाड्यातली सीए लोकांची ऑफिसं घ्या, वागळे इस्टेटमधले छोटे कारखाने घ्या नाहीतर वाशी-महापेची ऑफिसं, पीसी वर्षानुवर्षं तोच असतो आणि त्यावर अकाउंटिंगचं जुनं व्हर्जन, डाँगलचा (लायसन्ससाठी यूएसबीत लावायच्या किल्लीचा) ड्रायव्हर, मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, प्रिंटरचं पॅकेज असं एकावर एक चढत जातं, मग कधीतरी नवीन व्हर्जन टाकायला गेलं की इन्स्टॉलर अडून बसतो, म्हणे आधीचं व्हर्जन आहे.

अनइन्स्टॉलर साधारणपणे इन्स्टॉल करताना टाकलेल्या गोष्टींच्या यादीवरून पुसत जातो. नंतर बनलेले लॉग, कॅशे म्हणजे तात्पुरत्या साठवलेल्या फाइल्स, सेटिंग त्या यादीत नसतातच, आणि लायसन्सची माहिती, युजरचा डेटा तर बऱ्याचदा मुद्दाम ठेवतात. लोक प्रोग्रॅम फाइल्समध्ये डोकावून थांबतात, पण खरा पसारा असतो सी ड्राइव्हवरच्या प्रोग्रॅमडेटामध्ये आणि युजरच्या ॲपडेटामध्ये, दोन्ही हिडन म्हणजे लपवलेले, त्यामुळे आधी हिडन आयटम्स दिसायची टिक करायची. ॲपडेटात लोकल, लोकललो आणि रोमिंग असे तीन फोल्डर, तिन्ही बघायचे.

आता चिवटपणा. डिलीट मारलं की "फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे" असा मेसेज येतो, तेव्हा जोर लावण्यात अर्थ नाही, कोणी धरून ठेवलीय ते शोधायचं. विंडोजमधलाच रिसोर्स मॉनिटर उघडा, सीपीयूच्या टॅबमध्ये असोसिएटेड हँडल्सच्या सर्च बॉक्समध्ये फाइलचं नाव टाका, ती धरून ठेवणाऱ्या प्रोसेसचं, म्हणजे चालू प्रोग्रॅमचं, नाव समोर येतं. बऱ्याचदा ती मागे राहिलेली सर्व्हिस असते, सर्व्हिसेसमध्ये जाऊन ती थांबवायची आणि डिसेबल करायची. कधी चक्क एक्सप्लोररच, म्हणजे फोल्डर दाखवणारा विंडोजचा प्रोग्रॅमच, निघतो, कारण राइट क्लिकच्या मेनूत घुसलेली त्या सॉफ्टवेअरची डीएलएल (प्रोग्रॅमच्या कोडची फाइल) तोच वापरत असतो. पॉवरटॉइज या मायक्रोसॉफ्टच्या टूल्सच्या संचातलं फाइल लॉकस्मिथ हेच काम राइट क्लिकवर करतं. तरीही नाही हललं तर विंडोज सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी मोजक्या गोष्टींसह, सुरू करायचं, तिथे बाहेरच्या बहुतेक सर्व्हिसेस चालूच होत नाहीत.

एक गोष्ट फार लोकांना माहीत नाही आणि ती माहीत असायलाच हवी. वापरात असलेली फाइल अनइन्स्टॉलर पुढच्या बूटला पुसायची म्हणून रजिस्ट्रीत नोंदवून ठेवतो, म्हणून तर तो शेवटी रिस्टार्ट मागतो. आपण "नंतर" दाबतो आणि संध्याकाळी लोकल पकडायच्या घाईत शटडाउन करून निघतो, पण विंडोज ८ पासून म्हणजे २०१२ पासून फास्ट स्टार्टअप आलंय, ते चालू असेल तर शटडाउनमध्ये विंडोजचा गाभा पूर्ण बंद न होता डिस्कवर साठवला जातो, आणि सकाळी फाइल्स तिथेच. शटडाउन नको, रिस्टार्टच करा.

अँटिव्हायरस वेगळं प्रकरण, तो स्वतःच्या फाइल्सना हातच लावू देत नाही, त्याला त्याच्याच कंपनीचं रिमूव्हल टूल लागतं.

रजिस्ट्रीत हात घालायच्या आधी जी की (रजिस्ट्रीतला फोल्डर) बदलायची ती एक्सपोर्ट करून ठेवायची आणि रिस्टोर पॉइंट बनवायचा, म्हणजे काही बिघडलं तर मागे जाता येतं. एका क्लिकमध्ये सगळं साफ म्हणणारे रजिस्ट्री क्लीनर मला अजिबात पटत नाहीत, मायक्रोसॉफ्टही त्यांना सपोर्ट देत नाही. खुद्द मायक्रोसॉफ्टने आपली विंडोज इन्स्टॉलर क्लीनअप युटिलिटी २०१० मध्ये मागे घेतली कारण ती दुसऱ्या सॉफ्टवेअरचे भाग बिघडवायची, आता त्याऐवजी प्रोग्रॅम इन्स्टॉल अँड अनइन्स्टॉल ट्रबलशूटर आहे. विंडोज फोल्डरमधला इन्स्टॉलर फोल्डर कितीही जीबीचा दिसला तरी पुसू नका, पुढचे अपडेट आणि अनइन्स्टॉल त्यावरच चालतात.

आणि अकाउंटिंग सॉफ्टवेअर असेल तर उरलेल्या फोल्डरमध्ये क्लायंटचे हिशोब असू शकतात, तो आधी पेन ड्राइव्हवर कॉपी करा, दुसऱ्या पीसीवर उघडून बघा, मगच डिलीट.