अंदमानचा निळा उजेड फॉस्फरसचा नव्हे

अंदमानात स्वराज द्वीपाच्या (जुनं हॅवलॉक) खारफुटीत रात्री गाइडसोबत कयाक वल्हवून आलेले लोक हमखास सांगतात, "वल्हं मारलं की पाणी निळं चमकतं, समुद्रात फॉस्फरस असतो ना!" कोकणातही हेच ऐकू येतं.

समुद्रात फॉस्फरस असतो, पण फॉस्फेटच्या रूपात, आणि फॉस्फेट चमकत नाही. अंधारात चमकतो तो पांढरा फॉस्फरस, तोही हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग झाल्यावर. तीसेक अंश तापमानाला तो पेटूही शकतो, म्हणून प्रयोगशाळेत त्याला पाण्याखालीच ठेवतात. आता त्याच पाण्यातून तो कसा चमकणार?

उजेड असतो डायनोफ्लॅजेलेट नावाच्या एकपेशीय जिवांचा. वल्ह्याने पाणी ढवळलं की पेशीवर ताण येतो, आतल्या विशिष्ट कणांमध्ये आम्लता वाढते आणि ल्युसिफेरिन या रसायनाचं ल्युसिफरेज या विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने ऑक्सिडीकरण होतं. क्षणभर, साधारण सेकंदाचा दहावा भाग, निळी ठिणगी. खायला आलेले बारीक कवचधारी जीव त्याने बिचकतात. काजव्याचं तत्त्व हेच, रसायन मात्र निराळं. कोकणात हिवाळ्यात दिसणाऱ्या निळ्या लाटांमागे बहुधा याच गटातला नॉक्टिल्युका असतो.

म्हणून सहल अमावास्येच्या आसपास ठरवा. पौर्णिमेच्या चांदण्यात ही चमक फिकी पडते. फोनचा फ्लॅश तर नकोच. आणि गाइडशिवाय खाडीत शिरू नका, अंदमानच्या खारफुटीत खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. ही मात्र अफवा नाही.