कॉलेजचा कंपनीशी करार आणि पोराची अप्रेंटिस: दोन वेगळे कागद

आयटीआयचे प्रवेश सुरू झाले की एक वाक्य हमखास कानावर येतं: "त्यांचा कंपनीशी करार आहे, म्हणजे पोराची अप्रेंटिस तिथंच पक्की." पालक बोलतात ते समजू शकतो. पण संस्थेत शिकवणारी माणसंही असंच सांगतात, तेव्हा मला राग येतो. कारण मुलगा दोन वर्षांनी रिकाम्या हातानं परत येतो आणि आपलं काय चुकलं हेच त्याला कळत नाही.

'करार' हा एकच शब्द दोन निरनिराळ्या कागदांना वापरला जातो, घोळ तिथंच होतो.

पहिला कागद सगळ्यांच्या ओळखीचा. संस्था आणि उद्योग यांच्यातला सामंजस्य करार. कंपनी यंत्रं देते, निदेशकांना, म्हणजे शिकवणाऱ्यांना, नवं तंत्र दाखवते, मुलांना शॉपफ्लोअरवर नेते. ड्युअल सिस्टिममध्ये तर आयटीआयचं शिक्षण चालू असतानाच मुलं काही महिने कारखान्यात शिकतात. ही पद्धत जर्मनीच्या धर्तीवर आपल्याकडे आणली आहे आणि मी तिच्या बाजूचा आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींना, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांना, फाउंड्रीमन आणि मशिनिस्ट हवे असताना जवळच्या संस्थेनं भलत्याच ट्रेडच्या तुकड्या भरत बसणं कुणाच्याच फायद्याचं नाही. आपल्या भागातला उद्योग आणि आपल्या भागातली संस्था एकत्र बसलीच पाहिजे.

पण त्या कागदावर सह्या कुणाच्या असतात? प्राचार्यांची आणि कंपनीच्या अधिकाऱ्याची. मुलाचं नाव त्यात कुठंही नसतं. तो तिथं जातो तो आयटीआयचा विद्यार्थी म्हणून, आणि परत येतो तोही विद्यार्थी म्हणूनच.

दुसरा कागद म्हणजे शिकाऊ उमेदवारीचा, म्हणजेच अप्रेंटिसशिपचा, करार. त्याच्यामागे शिकाऊ उमेदवार अधिनियम, 1961 आहे. या कायद्यात शिकाऊ उमेदवाराची व्याख्याच अशी आहे की जो या कराराखाली प्रशिक्षण घेतो तो. करार नाही, तर तो अप्रेंटिस नाही. मग गेटपासवर काहीही छापलेलं असो. हा करार कंपनी आणि मुलगा यांच्यातला. मुलगा अल्पवयीन असेल तर त्याच्या वतीनं पालक सही करतात. करार सरकारी पोर्टलवर नोंदवला जातो आणि त्याला नोंदणी क्रमांक मिळतो.

त्या एका सहीनं बऱ्याच गोष्टी बदलतात. ठरलेलं किमान विद्यावेतन देणं कंपनीवर बंधनकारक होतं. शिकाऊ उमेदवारी सल्लागार या सरकारी अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय ओव्हरटाइमला लावता येत नाही, आणि ती मंजुरीसुद्धा प्रशिक्षणाच्या किंवा सार्वजनिक हिताची असेल तरच मिळते. प्रेस मशिनमध्ये बोट अडकून इजा झाली तर भरपाईचा हक्क कायद्यातच लिहिलेला आहे. कंपनीनं आपणहून दिलेल्या 'ट्रेनी'च्या पत्रात यातलं काय असेल, ते पत्र लिहिणाऱ्यावर अवलंबून.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेवटी हातात पडणारं प्रमाणपत्र. आयटीआय पास झालं की मिळतं ते राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र, म्हणजे एनटीसी. ठरलेल्या ट्रेडमध्ये शिकाऊ उमेदवारी पुरी करून अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा पास झालं की मिळतं ते राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र, म्हणजे एनएसी. ड्युअलमधला मुलगा कारखान्यात कितीही घाम गाळू दे, त्याला एनटीसीच मिळतं. एनएसी हवं असेल तर करार करून पुन्हा उमेदवारी करावी लागते. रेल्वेचं उदाहरण घ्या. लेव्हल 1, म्हणजे सगळ्यात खालच्या श्रेणीच्या, थेट भरतीत 20 टक्के जागा रेल्वेच्याच आस्थापनांत कायद्याखाली उमेदवारी पुरी करून एनएसी मिळवलेल्यांसाठी असतात. तिथं कंपनीचं अनुभवपत्र दाखवून उपयोग नाही.

आता उलट्या बाजूची चूक. "करार झाला, म्हणजे कायम होणार." नाही. कायदा स्पष्ट सांगतो की शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. उमेदवारी संपल्यावर नोकरी द्यायलाच हवी असं सरसकट बंधन कंपनीवर नाही. अपवाद एकच: करारातच तशी अट घातलेली असेल तर कंपनीला ती पाळावी लागते. म्हणून सही करण्याआधी करार वाचा, निदान घरातल्या शिकलेल्या माणसाकडून वाचून घ्या. सर्वोच्च न्यायालयानं 1995 मध्ये उत्तर प्रदेशच्या परिवहन महामंडळाच्या खटल्यात एवढं मात्र सांगितलं की इतर बाबी समान असतील तर थेट आलेल्या उमेदवारापेक्षा प्रशिक्षित शिकाऊ उमेदवाराला प्राधान्य द्यावं. प्राधान्य म्हणजे हमी नव्हे.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. विद्यावेतनाला पगार म्हणू नका, एवढंच. कालावधी ट्रेडप्रमाणे बदलतो. 2024 पासून चालू असलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना ही तिसरीच गोष्ट: बारावीला 6000, आयटीआय किंवा पदविकेला 8000 आणि पदवीला 10000 रुपये महिना राज्य सरकार देतं. गरजेच्या वेळी तो आधार मोठा आहे, पण ती उमेदवारी नव्हे आणि त्यातून एनएसी मिळत नाही.

कंपन्यांच्या बाजूचं एक सांगायलाच हवं. 30 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणं सक्तीचं आहे, आणि कंत्राटी कामगार धरून एकूण मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के एवढे घ्यायचे असतात. म्हणजे 200 माणसांच्या कारखान्यात किमान 5, जास्तीत जास्त 30. चार ते 29 माणसांच्या युनिटला मात्र ते ऐच्छिक आहे. म्हणूनच सामंजस्य करार करताना छोट्या युनिटांना आणि त्यांच्या संघटनांनाही सोबत घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. गावाजवळ राहून कसब शिकायचं तर मुलाला अशा युनिटचाही पर्याय हवा.

प्रवेशाच्या वेळी संस्थेत भिंतीवर सामंजस्य कराराचे फोटो दिसले तर पाहा, कौतुकही करा. मग प्राचार्यांना दोनच प्रश्न विचारा: गेल्या वर्षी या कंपनीत तुमच्या किती मुलांचे करार नोंदवले गेले, आणि त्यातल्या किती जणांना एनएसी मिळालं?