सोडियम ग्राफाइटमध्ये का शिरत नाही?

‘मिठावर पळणारी स्कूटर!’ हा मेसेज आमच्या गल्लीत इतका फिरला की शेजारच्या यंत्रमागवाल्या काकांनी स्कूटर आणि गच्चीवरच्या सोलरची बॅटरी, दोन्ही खरेद्या लांबणीवर टाकल्या. मीठमोहऱ्यांनी दृष्ट उतरत नाही, तशी मिठाने स्कूटरही पळत नाही. मेसेजमधलं ‘मीठ’ म्हणजे बॅटरीतलं सोडियम, आणि ऊर्जा चार्जरमधूनच येते. लिथियम किंवा सोडियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, बॅटरीच्या दोन टोकांमध्ये ये-जा करून ती साठवतात आणि परत देतात.

लिथियम बॅटरीचं ऋण टोक ग्राफाइटचं असतं. आमच्या सोलापूरच्या चाटी गल्लीत चादरींची थप्पी लागते तसे कार्बनचे थर, आणि त्यांच्यामध्ये शिरणारा लिथियम. सोडियम मात्र तिथे जवळजवळ शिरतच नाही. ‘तो मोठा आहे, मावत नाही’ असं सर्रास लिहितात, ते चूक आहे. पोटॅशियम त्याहून मोठा, तरी आठ कार्बनमागे एक असा खुशाल बसतो! खरा हिशेब ऊर्जेचा. थर फाकवायला आणि अणूचा इलेक्ट्रॉन सोडवायला ऊर्जा लागते. तो आयन कार्बनला बिलगला की ऊर्जा परत मिळते. इलेक्ट्रॉन सोडवायचा खर्च लिथियमला ५.३९, सोडियमला ५.१४, पोटॅशियमला ४.३४ इलेक्ट्रॉनव्होल्ट. लिथियमचा खर्च मोठा, पण तो लहान असल्याने कार्बनला घट्ट बिलगतो. पोटॅशियमची पकड सैल, पण त्याचा इलेक्ट्रॉन स्वस्तात सुटतो. सोडियमची पकडही सैल आणि इलेक्ट्रॉनही महाग, म्हणून त्याचा व्यवहार तोट्यात जातो.

त्याला लागतो हार्ड कार्बन: वेडेवाकडे थर, मध्ये पोकळ्या. नारळाच्या करवंट्या हवेशिवाय हजार अंशांच्या वर तापवून तो करता येतो. उसाच्या चिपाडापासूनही होतो, आणि आपल्या जिल्ह्यात चिपाडाला तोटा नाही. शिवाय सोडियम ॲल्युमिनियमशी मिश्रधातू करत नाही, म्हणून ऋण टोकाला तांब्याऐवजी स्वस्त ॲल्युमिनियमची पन्नी चालते.

पण वजन नडतं. लिथियमच्या एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) सेलमध्ये किलोमागे साधारण १६०-१८० वॉट-तास मावतात, सोडियमच्या बहुतेक सेलमध्ये १०० ते १६०. स्कूटरला ते जाणवतं, म्हणून तिच्यासाठी आज मी एलएफपीच घेईन. जिन्याखाली ठेवलेल्या सोलरच्या बॅटरीला कुठे पळायचंय? तिथे सोडियम शोभतो. मात्र एलएफपी सेल बराच वेळ ३.२ व्होल्टच्या आसपास टिकतो, तर सोडियमचा साधारण ४ पासून १.५ पर्यंत उतरतो. प्रत्येक इन्व्हर्टरला एवढा चढउतार झेपत नाही. म्हणून काकांना आधी इन्व्हर्टरच्या पाटीवरची डीसी व्होल्टेजची रेंज वाचून यायला सांगितलंय.