हायब्रिडचं ऑइल घरी बदललं तर शॉक बसतो?

हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या गाडीचं इंजिन ऑइल घरी बदलू नये, शॉक बसेल, हा समज १९९७ साली आलेली टोयोटाची पहिली हायब्रिड प्रियस जुनी झाली तरी टिकून आहे. तो चुकीचा आहे. बऱ्याच हायब्रिडच्या मोठ्या बॅटरीत २०० व्होल्ट किंवा त्याहून अधिक विद्युतदाब असतो, हे खरं. पण त्या बॅटरीच्या केबल्स नारिंगी आवरणात असतात आणि ऑइल बदलताना त्यांना हात लावायची वेळच येत नाही. ड्रेन प्लग (जुनं ऑइल काढायचा खालचा बोल्ट), फिल्टर, ऑइल सगळं साध्या पेट्रोल इंजिनासारखंच.

खरा धोका वेगळा आहे, आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही याचं मला वाईट वाटतं. गाडी ‘रेडी’ स्थितीत, म्हणजे चालू करून निघायला तयार असेल तर इंजिन शांत असूनही आपोआप सुरू होऊ शकतं. तुम्ही खाली असताना, किंवा ऑइल काढून टाकलेलं असताना! म्हणून गाडी पूर्ण बंद करा, स्मार्ट की लांब ठेवा. गाडी फक्त जॅकवर नको, स्टँड लावाच.

आणखी एक: बऱ्याच हायब्रिडमध्ये ट्रान्सॅक्सलचा (गिअरबॉक्सच्या जागी असलेल्या भागाचा) ड्रेन प्लगही खालीच असतो. चुकून तो उघडू नका. मॅन्युअलमधलं चित्र आधी पाहा. ऑइलचा ग्रेडही तिथलाच घ्या, बहुधा ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६.