क्ष-किरण रेणूचा बंध तोडत नाहीत, बुड पोखरतात

लातूर काय, अंबाजोगाई काय, डॉक्टर ‘छातीचा फोटो काढून आणा’ म्हणाले की पेशंट मशीनपुढे श्वास रोखून उभा राहतो आणि पाच मिनिटांत शर्टाची बटणं लावत बाहेर येतो. त्या मशीनमधून सुटणाऱ्या क्ष-किरणांच्या एकेका कणाकडे, म्हणजे फोटॉनकडे, हजारो इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणू-रेणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जा असते. पाण्याच्या रेणूतून एक हायड्रोजन उपटायला लागतात जेमतेम 5. मग अंगातल्या पाण्याचा चुराडा कसा होत नाही? कारण एक फोटॉन कोट्यवधी रेणूंना न शिवता पुढे निघून जातो. एखाद्याला शिवलाच, तर मात्र त्या रेणूचं काही खरं नसतं.

दवाखान्यातला प्रकार तसा किचकट आहे. तिथे बरेच फोटॉन धडकून थोडीच ऊर्जा देतात आणि दिशा बदलतात. मूळ घटना बघायची तर दोन-चार अणूंचे रेणू घ्यावेत आणि त्यांच्यावर कमी ऊर्जेचे, नेमके निवडलेले क्ष-किरण सोडावेत. असे किरण सिंक्रोट्रॉनमधून, म्हणजे इलेक्ट्रॉनांना प्रचंड वेगाने गोल फिरवणाऱ्या यंत्रातून, मिळतात. आपल्याला जवळचा म्हणजे इंदूरचा इंडस-2.

अणूंना एकत्र बांधून ठेवतात ते बाहेरचे इलेक्ट्रॉन. पण अशा क्ष-किरणाचा डोळा असतो तो अगदी आतल्या, केंद्रकाला चिकटलेल्या इलेक्ट्रॉनवर, ज्याचा बंधाशी फारसा संबंधच नसतो. तो सोडवायला कार्बनमध्ये साधारण 290, नायट्रोजनमध्ये 410, ऑक्सिजनमध्ये 540 इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. त्यामुळे कुठल्या अणूवर घाव घालायचा हे ठरवता येतं. नायट्रस ऑक्साइडमध्ये दोन नायट्रोजन असतात, एक टोकाचा, एक मधला. त्यांच्या आकड्यांतही सुमारे 4 इलेक्ट्रॉन-व्होल्टचा फरक पडतो. म्हणजे एकाच जातीच्या दोन अणूंतला हवा तो निवडा!

आतला इलेक्ट्रॉन गेला की पुढची पडझड रेणू स्वतःच करतो. आपल्याकडच्या गावांत जुन्या गढीच्या बुडातून पांढरी माती काढून नेली की वरचा बुरूज त्या खळग्यात ढासळतो, तसा वरचा एक इलेक्ट्रॉन आतल्या रिकाम्या जागी उतरतो. त्यात सुटलेली ऊर्जा दुसऱ्या एका बाहेरच्या इलेक्ट्रॉनला मिळते आणि तो रेणूबाहेर फेकला जातो. लिझ माइट्नर यांनी 1922 मध्ये आणि पियेर ओजे यांनी 1923 मध्ये हे स्वतंत्रपणे दाखवलं. या परिणामाला नाव मात्र बराच काळ एकट्या ओजे यांचंच चाललं. अणुविखंडनाच्या नोबेलमधूनही वगळल्या गेलेल्या माइट्नर यांच्या नशिबाला धरूनच हे झालं म्हणायचं. ऑक्सिजनमध्ये हा सगळा कारभार सुमारे 4 फेम्टोसेकंदांत उरकतो (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश). तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा केसाच्या जाडीचा पन्नासावा-साठावा भाग कापतो.

आता रेणूचे दोन इलेक्ट्रॉन कमी झालेत. बांधणारे कमी आणि दोन्हीकडे धन प्रभार, मग तुकडे एकमेकांना झिडकारतात. नायट्रोजनच्या रेणूतून उडणारा एक आयन, म्हणजे असा प्रभार असलेला तुकडा, सेकंदाला 8 किलोमीटरच्या आसपास वेग घेऊ शकतो. याच वेगाने निघालं तर अंबाजोगाईहून परळी तीन-चार सेकंदांत येईल.

प्रयोगात निर्वात पेटीत वायूची बारीक धार सोडतात. तुकडे विद्युत क्षेत्राने ओढले जातात. सारख्याच प्रभाराच्या तुकड्यांत हलका आधी पोचतो, जड मागून. कोण कधी आणि पडद्यावर कुठे आदळला यावरून फुटताना रेणूचा आकार कसा होता ते मागे जाऊन काढता येतं.

पण दरवेळी क्रम असाच नसतो. आतला इलेक्ट्रॉन बाहेर न फेकता बंध कमकुवत करणाऱ्या वरच्या जागेवर नेऊन बसवला, तर अणू लगेच एकमेकांपासून सरकू लागतात. हायड्रोजन ब्रोमाइडच्या बाबतीत 1986 मध्ये हे दिसलं. बाहेर आलेल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजली, तर काही इलेक्ट्रॉन सुट्या ब्रोमीन अणूतून आले होते. म्हणजे खळगा भरण्याआधीच रेणू तुटला होता. सगळ्यात हलका हायड्रोजन असा पटकन निसटतो.

फोटॉनांचा मारा दाट असेल तर गोष्ट आणखी पुढे जाते. कॅलिफोर्नियातल्या एलसीएलएस या क्ष-किरण लेसरने आयोडोमिथेनवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष 2017 मध्ये आले. या रेणूत एकूण 62 इलेक्ट्रॉन. मारा झेलतो तो मुख्यतः आयोडीन. पण स्वतःचे गेले की तो शेजारच्या कार्बन-हायड्रोजनचे ओढून घेतो, मग तेही गमावतो. 30 फेम्टोसेकंदांच्या आत 54 इलेक्ट्रॉन गेले होते, सुट्या आयोडीन अणूपेक्षा जास्त. अशा लेसरने प्रथिनांची चित्रं घेणाऱ्यांना आता ही शेजारची लूटही हिशेबात धरावी लागते.