भाडे आणि डागडुजी यांची सांगड कशी बसली

घरमालकाने कबूल केलेली डागडुजी केली नाही, तर भाडे रोखता येते का? याचे उत्तर देशागणिक बदलते. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात भाडे आणि दुरुस्ती ही दोन सुटी वचने होती. भाडेपट्टा म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जमिनीवरचा हक्क. तो दिला की मालक मोकळा. १६४७ च्या पॅराडाइन विरुद्ध जेन खटल्यात तर भाडेकरूला यादवी युद्धातला सेनापती प्रिन्स रूपर्ट याच्या सैन्याने जमिनीवरून हुसकावून लावले होते. तरीही थकलेले भाडे त्यानेच द्यावे, असा निकाल लागला. अनपेक्षित नफा भाडेकरूचा, तर तोटाही त्याचाच, हा त्यामागचा तर्क. शेतजमिनीपुरता तो एक वेळ पटेल. शहरातला भाडेकरू मात्र माती घेत नाही, राहण्याजोगे घर घेतो. हे कायद्याच्या गळी उतरायला फार वर्षे गेली आणि तोवर गळक्या, कुबट खोल्यांचे पूर्ण भाडे गरिबांकडून वसूल होत राहिले.

फ्रान्सच्या १८०४ च्या नागरी संहितेने घर वापरण्याजोगे राखण्याची जबाबदारी मालकावर टाकली होती. इंग्लंडमध्ये १८४३ साली ढेकणांनी भरलेले सुसज्ज घर सोडून गेलेल्या भाडेकरूच्या बाजूने निकाल लागला, पण ती सवलत सामानासह दिलेल्या घरांपुरतीच उरली. भारतातल्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने वेगळी वाट दिली: जी दुरुस्ती मालकावर बंधनकारक आहे ती सूचना देऊनही वाजवी मुदतीत झाली नाही, तर भाडेकरूने ती स्वतः करावी आणि खर्च व्याजासह भाड्यातून वळता करावा.

खरी कलाटणी १९७० साली वॉशिंग्टनमध्ये मिळाली. क्लिफ्टन टेरेस या इमारतीतल्या भाडेकरूंनी भाडे थांबवले, म्हणून मालकाने त्यांना बाहेर काढण्यासाठी दावा लावला. इमारतीत गृहनिर्माण नियमांचे सुमारे १,५०० भंग झाले आहेत, असे भाडेकरूंचे म्हणणे होते. खालच्या न्यायालयाने ते ऐकूनच घेतले नाही. अपील न्यायालयात न्यायाधीश स्केली राइट यांनी ठरवले की राहण्याजोगे घर देण्याची हमी प्रत्येक भाडेकरारात गृहीत असते आणि भाडे देण्याचे बंधन त्या हमीवर अवलंबून असते. माझ्या मते या इतिहासातला सर्वांत न्याय्य निकाल हाच. त्याच न्यायालयाने १९६८ मध्ये, तक्रार केली म्हणून सूड उगवायला भाडेकरूला घराबाहेर काढता येणार नाही, असे सांगितले होते. त्या संरक्षणाविना पुढचा हक्क कागदावरच राहिला असता, कारण बेघर होण्याच्या धाकाने कोण तक्रार करणार?

ही हमी पाणी, छप्पर, सांडपाणी अशा मूलभूत गोष्टींची आहे. कबूल केलेली पार्किंगची जागा किंवा व्यायामशाळा सहसा तिच्यात बसत नाही. तिथे करारात काय लिहिले आहे तेच पाहिले जाते आणि मागता येते ती बहुधा नुकसानभरपाई किंवा भाड्यात सूट. भाडे रोखण्याचा हक्क जिथे आहे तिथेही सहसा लेखी सूचना आणि दुरुस्तीसाठी वाजवी मुदत द्यावी लागते. रोखलेली रक्कम खटला चालू असताना न्यायालयात भरण्याचा आदेशही होऊ शकतो. म्हणून ती खर्च न करता बाजूला ठेवावी.