यादृच्छिक नियंत्रित चाचणी

एखादा उपचार, लस किंवा तपासणी खरोखर गुणकारी आहे काय हे ठरवण्यासाठी सहभागी व्यक्तींची, प्रसंगी अख्ख्या गावांची वा वस्त्यांची, केवळ यदृच्छेने (चिठ्ठ्या टाकल्यासारखे, दैवावर सोपवून) दोन किंवा अधिक गटांत वाटणी करून त्या गटांच्या पुढील स्थितीची तुलना करणारी संशोधनपद्धती. नवा उपचार मिळणारा तो प्रायोगिक गट. प्रचलित उपचार, छद्मौषध (औषधासारखे दिसणारे, पण निष्क्रिय द्रव्य) किंवा काहीच न मिळणारा तो नियंत्रण गट. कोणी कोणत्या गटात जायचे हे रोगी, वैद्य वा संशोधक यांपैकी कोणीही ठरवत नाही, हे या पद्धतीचे व्यवच्छेदक लक्षण होय. निरीक्षणात्मक अभ्यासांत संशोधक घडणाऱ्या गोष्टी फक्त टिपतो. येथे तो स्वतः हस्तक्षेप करतो.

उगम : या पद्धतीचा आरंभ कोठून धरावा याबद्दल एकमत नाही. लोकप्रिय लेखनात हा मान ब्रिटिश नौदलातील वैद्य जेम्स लिंड यांना दिला जातो. त्यांनी १७४७ मध्ये सॅलिसबरी या जहाजावरील १२ स्कर्व्हीग्रस्त खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. संत्री-लिंबे मिळालेली जोडी सर्वांत लवकर सुधारली. ही नियंत्रित तुलना खरी, पण जोड्या लिंड यांनीच लावल्या होत्या. चिठ्ठ्या टाकून रोगी वाटून घेण्याची कल्पना त्याहून जुनी असून ती फ्लँडर्सचे वैद्य व्हान हेल्माँट यांच्या १६४८ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आढळते. रक्त काढण्याच्या उपचाराचे समर्थन करणाऱ्यांना दिलेले ते आव्हान होते. ते कोणी स्वीकारल्याचे दिसत नाही.

एकोणिसाव्या शतकात ‘एक आड एक’ वाटणी रूढ होऊ लागली. डॅनिश वैद्य योहानेस फिबिगर यांनी १८९६-९७ मध्ये कोपनहेगन येथे घटसर्पाच्या ४८४ रुग्णांवर प्रतिविषयुक्त रक्तरसाची चाचणी घेतली. एका दिवशी दाखल झालेल्यांना रक्तरस द्यायचा, दुसऱ्या दिवशीच्यांना नाही, असा नियम होता. रक्तरस मिळालेल्या २३९ पैकी ८, तर न मिळालेल्या २४५ पैकी ३० रुग्ण दगावले. अमेरिकेत अँबरसन व सहकाऱ्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या क्षयरोगाच्या अभ्यासात २४ रुग्णांचे दोन गट पाडून कोणत्या गटाला औषध द्यायचे ते नाणेफेकीने ठरवले. येथे यदृच्छा वापरली गेली, पण एकदाच.

सर्वसाधारणपणे पहिली आधुनिक चाचणी म्हणून ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिन या औषधाची चाचणी मानली जाते. १९४७ मध्ये रुग्ण घेण्यास सुरुवात होऊन ऑक्टोबर १९४८ मध्ये तिचा अहवाल आला. १०७ रुग्णांपैकी ५५ जणांना स्ट्रेप्टोमायसिन व विश्रांती, ५२ जणांना फक्त विश्रांती मिळाली. सहा महिन्यांत पहिल्या गटात ४, दुसऱ्यात १४ मृत्यू झाले. (पुढे जिवाणूंत औषधाविरुद्ध प्रतिकारशक्ती आल्याने हे अंतर बरेच घटले.) औषध अतिशय तुटपुंजे होते, सर्वांना पुरणार नव्हतेच, म्हणून नियंत्रण गट ठेवणे नैतिक दृष्ट्या क्षम्य मानले गेले. डांग्या खोकल्याच्या लशीची परिषदेचीच चाचणी १९४६ मध्ये सुरू झाली होती, पण तिचे निष्कर्ष १९५१ मध्ये आले. त्यामुळे ‘पहिली’ हे बिरुद आरंभावरून द्यायचे की प्रकाशनावरून, हा वाद उरतो.

याहून महत्त्वाचा मतभेद यदृच्छेच्या हेतूविषयी आहे. एका मतानुसार ही कल्पना सरळ शेतीतून आली : इंग्लंडमधील रॉथॅम्स्टेड कृषिसंशोधन केंद्रात संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२० नंतरच्या दशकात पिकांच्या वाफ्यांवरील प्रयोगांसाठी यदृच्छ वाटणीचा सिद्धांत मांडला आणि संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी तो रुग्णालयात आणला. (फिशरप्रणीत कृषिसांख्यिकी भारतात रुजवणाऱ्यांत पां. वा. सुखात्मे व वि. गो. पानसे हे मराठी संख्याशास्त्रज्ञ अग्रणी होते.) दुसऱ्या मतानुसार हिल यांची अडचण व्यवहारातली होती. एक आड एक वाटणीत पुढचा रुग्ण कोणत्या गटात जाणार हे वैद्याला आधीच कळते, आणि मग कोणाला चाचणीत घ्यायचे व कोणाला टाळायचे यात त्याचा कल शिरतो. हिल यांनी आखलेल्या स्ट्रेप्टोमायसिन चाचणीत वाटणी मोहोरबंद लिफाफ्यांत ठेवली होती आणि रुग्ण पात्र ठरल्यावरच लिफाफा उघडला जाई. स्वतः हिल यांनी १९३७ च्या लेखमालेत एक आड एक वाटणीच सुचवली होती. वैद्य बिचकू नयेत म्हणून यदृच्छेचा उल्लेख आपण मुद्दाम टाळला, असे त्यांनी उतारवयात लिहिले. उपलब्ध पुरावा पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

वाटणीची गुप्तता : वाटणी ठरवणारे नुसते यदृच्छ अंक पुरत नाहीत, ते भिंतीवर लावून ठेवले तर चाचणी एक आड एक वाटणीच्याच पातळीवर येते. शुल्त्स व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये २५० चाचण्या तपासल्या, तेव्हा गुप्तता अपुरी असलेल्या चाचण्यांत उपचाराचा परिणाम शक्यता-गुणोत्तराच्या (परिणाम घडण्याच्या व न घडण्याच्या प्रमाणाची दोन गटांतील तुलना) भाषेत सरासरी ४१ टक्क्यांनी फुगलेला आढळला. वाटणीची गुप्तता आणि अंधता यांची गल्लत नेहमी होते. गुप्तता वाटणीच्या क्षणापर्यंतची. अंधता, म्हणजे उपचार कोणता हे रोगी किंवा परीक्षक यांना ठाऊक नसणे, ही वाटणीनंतरची. शस्त्रक्रियेच्या चाचणीत अंधता बहुधा अशक्य असते, गुप्तता मात्र नेहमीच शक्य असते.

भारतातील चाचण्या : वाल्डेमार हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये मुंबईच्या भायखळा तुरुंगात प्लेगच्या लशीची तुलनात्मक परीक्षा घेतली. लस टोचून घेणारे कैदी स्वखुशीने पुढे आलेले होते, त्यामुळे दोन्ही गट मुळात सारखे होते असे म्हणता येत नाही. यदृच्छ पद्धतीचा खरा पाया मद्रासच्या क्षयरोग केंद्रात घातला गेला. तेथे १९५६ पासून घरी उपचार व आरोग्यधामातील उपचार यांची तुलना झाली. १९५९ च्या अहवालानुसार दोन्ही जवळजवळ सारखेच परिणामकारक ठरले आणि घरच्यांना संसर्गाचा धोकाही वाढला नाही.

महाराष्ट्रातील सर्वांत मोठ्या उदाहरणांपैकी एक उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातील गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी. टाटा स्मारक रुग्णालय व बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय यांचा तीत सहभाग होता. येथे व्यक्तींऐवजी ५२ ग्रामसमूहांची चार गटांत यदृच्छ वाटणी झाली. ३० ते ५९ वयाच्या सुमारे १,३१,००० स्त्रियांचा समावेश होता. २००९ च्या निष्कर्षांनुसार या कर्करोगास कारणीभूत पॅपिलोमा विषाणूची एकदाच केलेली तपासणी मिळालेल्या गटात या कर्करोगाने ३४, तर नियंत्रण गटात ६४ मृत्यू झाले. एका गावातील माणसे एकमेकांसारखी असल्याने समूहवाटणीत संख्येचे बळ घटते. ही घट १ + (म − १) × ρ या गुणकाने मोजतात (म = समूहाचा आकार, ρ = समूहांतर्गत सहसंबंध, म्हणजे एका समूहातील माणसे एकमेकांसारखी किती याचे माप). समूहात २,५०० व्यक्ती आणि ρ केवळ ०.००१ धरला तरी गुणक ३.५ येतो, म्हणजे लाखाचे बळ तीस हजारांच्याही खाली उतरते. नियंत्रण गटातील स्त्रियांची तपासणी न करणे योग्य होते का, यावर पुढे बराच वाद झाला. तेथे तपासणीची कोणतीही नियमित सोय नव्हतीच, हा बचाव. तपासणीचा उपयोग अन्यत्र आधीच सिद्ध होता, हा आक्षेप.

गडचिरोलीतील नवजात बालकांच्या घरगुती शुश्रूषेचा ‘सर्च’ संस्थेचा अभ्यास (१९९९) पुष्कळदा या प्रकारात मोजला जातो. त्यात ३९ हस्तक्षेपाची व ४७ तुलनेची गावे होती, परंतु वाटणी यदृच्छ नव्हती. ती नियंत्रित क्षेत्रीय चाचणी म्हणणे अधिक योग्य.

भारतातील चाचण्यांची नोंदवही जुलै २००७ मध्ये सुरू झाली. जून २००९ पासून औषध-चाचण्यांची नोंदणी सक्तीची आहे.